‘बगर’ ही इंग्रजी शिवी कुठून आली, तिचा अर्थ काय आणि मराठीत तिचे काय करावे

प्रश्न एका तरुण अनुवादिकेचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात घडणाऱ्या एका इंग्रजी कादंबरीचा त्या मराठी अनुवाद करीत आहेत. त्यात एक वयस्क सार्जंट नुकत्याच मेलेल्या सोबत्याच्या अंगावर घोंगडी ओढतो आणि म्हणतो, ‘पुअर बगर’. त्या सोबत्याची रजा दोन दिवसांवर आलेली असते. पुढे त्याच कादंबरीत लष्करी चौकशीच्या एका प्रसंगी ‘बगरी’ हा शब्द आरोप म्हणून येतो. शब्दकोशात ‘बगर’पुढे पहिला अर्थ ‘गुदमैथुन करणारा’ असा आहे, दुसरा नुसता ‘एक शिवी’ असा आहे, आणि पहिल्या प्रसंगासाठी संपादकांनी ‘बिचारा हलकट’ असे सुचवले आहे. सार्जंट मृत माणसाविषयी काही सूचित करतो आहे का, हा शब्द मुळात कुठला, आणि तो मराठीत कसा आणावा, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण सगळा अनुवाद त्यावर अवलंबून आहे. सार्जंट काहीही सूचित करीत नाही. त्या दोन शब्दांत मृताच्या लैंगिकतेविषयी एक अक्षर नाही, आणि त्याच्या स्वभावाविषयीही नाही. ‘बिचारा हलकट’ म्हटले की मराठी वाचक लगेच विचार करू लागतो, की या माणसाने काय हलकटपणा केला होता. तो विचार मूळ इंग्रजी वाचकाच्या मनात येतच नाही. म्हणून तो पर्याय सोडून द्यावा. मात्र नुसते ‘बिचारा’ लिहूनही भागत नाही, कारण सार्जंट सभ्य शब्द वापरणारा माणूस नाही आणि त्याचे दुःख त्याच्या राकट बोलीतूनच बाहेर पडते. ही अडचण खरी आहे, आणि ती समजण्यासाठी या शब्दाचा प्रवास मुळापासून पाहिलेला बरा.

‘बगर’ म्हणजे बल्गेरियन. हे ऐकणाऱ्याला विनोद वाटतो, पण युरोपीय भाषांच्या व्युत्पत्तिशास्त्रात याविषयी आता मतभेद उरलेला नाही. मध्ययुगीन लॅटिनमध्ये बल्गेरियाच्या रहिवाशाला ‘बुल्गारुस’ म्हणत. जुन्या फ्रेंचमध्ये व्यंजनापूर्वीचा ‘ल’ झिजून ‘उ’ होण्याची रीत होती. लॅटिन ‘आल्बा’ची, म्हणजे पहाटेची, तिथे ‘ओब’ झाली ती याच रीतीने. त्याच नियमाने ‘बुल्गारुस’चे ‘बूग्र’ झाले, आणि इंग्रजीने तो शब्द फ्रेंचमधून उचलला. ध्वनीची वाट अशी स्वच्छ दिसते. पण एका देशाच्या रहिवाशाचे नाव शिवी का व्हावे, याचे उत्तर ध्वनीत नाही. ते धर्माच्या इतिहासात आहे.

दहाव्या शतकात बल्गेरियात पहिल्या पीटर राजाच्या कारकिर्दीत, म्हणजे ९२७ ते ९६९ या काळात, बोगोमिल नावाच्या एका धर्मोपदेशकाने एक पंथ सुरू केला. हे दृश्य जग देवाने नव्हे तर सैतानाने घडवले आहे, देह हा आत्म्याचा तुरुंग आहे, आणि म्हणून चर्चच्या इमारती, क्रूसाची पूजा, पाण्याचा बाप्तिस्मा यांना काही अर्थ नाही, अशी त्यांची शिकवण होती. पंथातले दीक्षित लोक मांस, मद्य आणि स्त्रीसंग वर्ज्य मानीत. बल्गेरियन चर्चलाही ही मते मान्य नव्हती. १२११ मध्ये बोरिल राजाने टर्नोव्हो येथे धर्मसभा बोलावून या पंथाचा अधिकृत निषेध केला. म्हणजे ज्या पाखंडासाठी पश्चिम युरोपने सगळ्या बल्गेरियन लोकांचे नाव बदनाम केले, त्या पाखंडाशी खुद्द बल्गेरियाचे राज्यकर्ते झगडत होते.

हीच विचारसरणी पुढे पश्चिमेकडे पसरली आणि दक्षिण फ्रान्समध्ये कॅथार पंथाच्या रूपाने रुजली. पोपने १२०८ मध्ये त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले. पुढच्याच वर्षी बेझिए शहरात कत्तल झाली, आणि १२४४ च्या मार्चमध्ये माँसेग्यूरच्या डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी दोनशेहून अधिक माणसे जाळण्यात आली. या लोकांना फ्रेंच भाषक ‘बूग्र’ म्हणत, कारण त्यांची शिकवण बल्गेरियातून आली असे सर्वांना ठाऊक होते. त्या काळात रॉबेर नावाचा एक डॉमिनिकन धर्मचौकशी अधिकारी होता. तो स्वतः पूर्वी कॅथार होता, म्हणून लोक त्याला ‘रॉबेर ल बूग्र’ म्हणत. १२३९ च्या मे महिन्यात शांपाञ् प्रांतातील माँ-एमे येथे त्याने सुमारे १८० जणांना एकाच दिवशी जाळले. त्या दिवशी ज्यांना जाळले ते ‘बूग्र’ होते आणि ज्याने जाळले त्याच्याही नावात ‘बूग्र’ होते. मी हा शब्द कोणालाही समजावून सांगताना या माणसापासून सुरुवात करतो, कारण त्या वेळी शब्दाचा अर्थ निव्वळ ‘पाखंडी’ असा होता हे त्याच्या नावावरून लख्ख दिसते.

इंग्रजीतही तो याच अर्थाने आला. १३४० मध्ये केंट परगण्यातील एका मठवासीयाने एका फ्रेंच नीतिग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला, त्यात ‘बूग्र’ म्हणजे धर्मभ्रष्ट माणूस. लैंगिकतेचा तिथे संबंध नाही.

मग तो संबंध जडला कसा? कॅथार पंथातील दीक्षित लोक अपत्योत्पत्तीला पाप मानीत, कारण मूल जन्माला घालणे म्हणजे आणखी एक आत्मा देहात कोंडणे. ते विवाह करीत नसत आणि दोघादोघांनी फिरत. पुरुषासोबत पुरुष, स्त्रीसोबत स्त्री. ज्यांना स्त्री नको, मूल नको आणि जे पुरुषासोबत राहतात ते आणखी काय करीत असणार, असा सरळ तर्क विरोधकांनी लढवला आणि प्रवचनांतून तो पसरवला. विरोधी पंथावर लैंगिक दुराचाराचा आरोप करणे ही चर्चची जुनी सवय होती. इथे आरोप शब्दाला चिकटला तो कायमचा. पंथ नष्ट झाला, त्याची शिकवण लोक विसरले, आणि आरोप तेवढा शब्दाच्या अर्थात शिल्लक राहिला.

मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडचा ‘पाखंड’ शब्द ज्या मूळ शब्दापासून आला तो अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ असा आहे आणि त्याचा अर्थ नुसता ‘पंथ’ असा आहे. बाराव्या लेखात सगळ्या पासंडांचा मान राखावा असे राजा सांगतो. पुढे तोच शब्द वेद न मानणाऱ्यांना लावला जाऊ लागला, आणि आज ‘पाखंडी’ म्हटले की ढोंगी माणूस डोळ्यांपुढे येतो. त्या लेखांत अशोक स्वतःला ‘देवानंपिय’, म्हणजे देवांचा लाडका, म्हणवतो. संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत ‘देवानांप्रिय’ या समासाचा अर्थ ‘मूर्ख’ असा नोंदवलेला आहे. स्लाव्ह भाषांत ‘बोग’ म्हणजे देव आणि ‘मिल’ म्हणजे प्रिय, तेव्हा ‘बोगोमिल’ या नावाचा अर्थही देवाचा लाडका असाच होतो. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण जिथे पंथ एकमेकांशी भांडतात तिथे आदराच्या शब्दांची पुढे काय गत होते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते, आणि मला स्वतःला ‘बगर’ समजला तो ‘पाखंडी’ या शब्दाच्या वाटेने गेल्यावरच.

इंग्लंडमध्ये शब्दाला दुसरे वळण दिले ते कायद्याने. आठव्या हेन्रीच्या संसदेने १५३३ मध्ये ‘बगरी ॲक्ट’ केला. तोवर असल्या गोष्टींचा न्यायनिवाडा धर्मपीठाकडे असे. या कायद्याने पुरुषाने पुरुषाशी किंवा पशूशी केलेला संभोग राजाच्या न्यायालयात फाशीच्या शिक्षेचा गुन्हा ठरला. १५४० मध्ये वॉल्टर हंगरफर्ड या उमरावाचा, हेन्रीचा एकेकाळचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्याबरोबर एकाच दिवशी, शिरच्छेद झाला, आणि त्याच्यावरील आरोपांत हाही एक होता. मेरी राणीने १५५३ मध्ये हा कायदा रद्द केला, एलिझाबेथने १५६३ मध्ये तो परत आणला. सतराव्या शतकातील कायदेपंडित एडवर्ड कोक याने तर हा शब्द इटालियन असल्याचे लिहून ठेवले. हा दोष परदेशातून आपल्याकडे आला, अशी समजूत करून घेण्याची ओढ किती चिवट असते, याचा तो लेखी पुरावा आहे. खरे तर फ्रेंचांनी तो बल्गेरियनांच्या माथी मारला होता आणि इंग्रजांनी इटालियनांच्या.

या गुन्ह्यासाठी इंग्लंडमध्ये शेवटची फाशी १८३५ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूगेट तुरुंगासमोर झाली. जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ अशी त्या दोघांची नावे. १८६१ च्या कायद्याने फाशी जाऊन तिथे जन्मठेप आली, आणि तुमच्या कादंबरीच्या काळात तोच कायदा लागू होता. भारतात मेकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या १८६० च्या दंडसंहितेने ‘बगरी’ हा शब्द टाळला आणि ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ अशी शब्दरचना वापरली. तेच ३७७ वे कलम. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी निष्प्रभ केले. मराठी वाचकाला ‘अनैसर्गिक’ हा शब्द या संदर्भात ओळखीचा आहे तो या कलमामुळेच, आणि तुमच्या चौकशीच्या प्रसंगात त्याचा उपयोग होईल. त्याकडे शेवटी येतो.

कायद्यातली संज्ञा म्हणून शब्द असा गंभीर असतानाच रस्त्यावर मात्र तो सैल होत गेला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो सरसकट शिवी म्हणून छापील मजकुरात सापडतो. ज्याला शिवी द्यायची त्याच्यावर तो विशिष्ट आरोप आहे, असा अर्थ त्यात हळूहळू उरला नाही. जेम्स मरे यांच्या संपादनाखाली निघालेल्या ऑक्सफर्डच्या महाकोशाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शब्दाची नोंद घेतली. इतर काही शब्दांना त्या कोशाने पहिल्या आवृत्तीत दारही उघडले नव्हते. त्या नोंदीत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. मूळ अर्थाने हा शब्द सभ्य लोकांत केवळ कायद्याची संज्ञा म्हणून चालतो, असा शेरा आहे. आणि खालच्या थरातील बोलीत तो शिवी असला तरी पुष्कळदा त्याचा अर्थ ‘माणूस’, ‘गडी’ एवढाच असतो, हेही नोंदवले आहे. तुमचा सार्जंट या दुसऱ्या वाक्यात बसतो. त्याच्या तोंडी ‘बगर’ म्हणजे ‘गडी’. करुणा ‘पुअर’मध्ये आहे.

इथे फ्रेंचकडे पुन्हा एकदा पाहिले पाहिजे, कारण तिथे हाच प्रवास अगदी याच टप्प्यांनी झाला. राज्यक्रांतीच्या काळात एबेरच्या ‘पेर द्युशेन’ या वृत्तपत्रात ‘बूग्र’ शब्दाचा पाऊस पडे, आणि तेव्हा तो राकट, गावठी जोर आणणारा शब्द होता. आजच्या फ्रेंचमध्ये ‘पोव्र बूग्र’ म्हणजे ‘बिचारा माणूस’, आणि तो म्हणताना कोणी लाजत नाही. इटालियनमध्ये मात्र त्याच मुळापासून आलेल्या ‘बुज्जेरारे’ या क्रियापदाचा अर्थ ‘फसवणे’ असा झाला. एका शब्दाच्या तीन देशांत तीन गती झाल्या, आणि त्यांपैकी एकीतही आज बल्गेरिया कोणाला आठवत नाही.

इंग्रजीत याचा जुळा भाऊही आहे: ‘सॉड’. तो ‘सॉडमाइट’चा तुकडा, म्हणजे बायबलमधील सदोम शहराच्या रहिवाशाचे नाव. एक शब्द देशाच्या नावावरून आला, दुसरा शहराच्या नावावरून. दोघांवर एकच आरोप झाला आणि दोघेही झिजून सारखेच गुळगुळीत झाले. इंग्रजीतील जवळजवळ प्रत्येक वाक्प्रयोगात ‘बगर’च्या जागी ‘सॉड’ ठेवता येतो आणि अर्थ बदलत नाही. शब्द आतून किती रिकामा झाला आहे हे तपासायचे असेल तर ही कसोटी चांगली आहे.

आता वाक्प्रयोगांकडे वळतो, कारण अनुवादकाचे खरे काम तिथेच आहे. तीस वर्षांपूर्वी, माझ्या सुरुवातीच्या एका अनुवादात, एक वृद्ध पत्नी चष्मा शोधणाऱ्या नवऱ्याला ‘यू सिली ओल्ड बगर’ म्हणते, असा प्रसंग होता. मी कोश पाहिला, पहिल्या अर्थाने घाबरलो, आणि दुसऱ्या अर्थाला धरून तिच्या तोंडी ‘मूर्ख, नालायक म्हातारा’ असे शब्द घातले. पुस्तक छापून आल्यावर एका वाचक बाईंनी पत्राने विचारले, की पन्नास वर्षे सुखाने संसार केलेली ही बाई अचानक इतकी कडवट का झाली? चूक पूर्णपणे माझी होती. मूळ वाक्यात कडवटपणा नव्हता, पन्नास वर्षांची सलगी होती. आज मी तिथे ‘अहो, वेंधळेपणाची कमाल आहे तुमची, कपाळावर काय आहे ते बघा’ असे काहीतरी लिहीन, आणि ती बाई कोकणातली शोभेल असा बाज अनुवादाला असेल तर तिला नुसते ‘मेल्या’च्या जवळपासचे काहीतरी देईन. ‘मेल्या’चा शब्दशः अर्थ ‘मृत माणसा’ असा होतो, पण दारात उभ्या नातवाला ‘मेल्या, जेवलास का’ विचारणाऱ्या आजीच्या मनात मरणाचा विचारही नसतो.

‘बगर ऑल’ याचा अर्थ ‘काहीही नाही’. ‘त्याला त्यातले बगर ऑल कळत नाही’ असे इंग्रज म्हणतो, तेव्हा मराठीत ‘शष्प’ हा शब्द इतका नेमका बसतो की मला दर वेळी समाधान वाटते. ‘त्याला शष्प कळत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांना त्या संस्कृत शब्दाचे कोवळे गवत आणि गुह्यांगावरील केस हे दोन अर्थ ठाऊक नसतात, आणि ठाऊक नसल्यामुळेच तो चारचौघांत बोलता येतो. अर्थ असा झिजलेला, पण ठसका शिल्लक, हे दोन्हीकडे तंतोतंत सारखे आहे. डिलन टॉमस या वेल्श कवीने १९५४ च्या आपल्या नभोनाट्यातील गावाचे नाव ‘लारेगब’ असे ठेवले. त्याची रोमन अक्षरे (Llareggub) उलटी वाचली की ‘बगर ऑल’ होते. छापील पुस्तकात मात्र सुरुवातीला त्या नावाचे वर्णलेखन थोडे बदलून घेण्यात आले होते. शब्द तेव्हा अजून पुरता झिजलेला नव्हता, एवढे यावरून कळते.

‘बगर ऑफ’ म्हणजे ‘चालता हो’. त्यासाठी ‘फूट इथून’, ‘टळ’, ‘काळं कर’ यांपैकी बोलणाऱ्याला शोभेल ते घ्यावे. ‘बगर इट’ हे वैतागाने सोडून देणे आहे, आणि ‘मरू दे’, ‘खड्ड्यात जाऊ दे’ हे मराठीत सहज येते. ‘आय ॲम बगर्ड’ म्हणजे थकून गळाठणे, आणि तेच यंत्राबद्दल म्हटले तर ते पार मोडले आहे. ‘लकी बगर’साठी ‘नशीबवान लेकाचा’ याहून चांगले मला सुचलेले नाही. ‘लेकाचा’ या शब्दात हेवा आणि माया एकत्र राहू शकतात, आणि तिथे दोन्ही हवे असतात. एकट्याने, काही हातातून पडले किंवा बस चुकली तर, नुसते ‘बगर’ असे उद्गारवाचक म्हटले जाते. तिथे ‘च्यायला’ निःशंकपणे लिहावे. ‘तुझ्या आईला’ या उद्गाराची झीज होऊन ‘च्यायला’ झाले, पण गाडी चुकलेला माणूस कोणाच्याही आईचा विचार करीत नसतो.

या उद्गाराची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. पाचवा जॉर्ज १९२९ मध्ये आजारातून बरा होण्यासाठी ससेक्सच्या किनाऱ्यावर बॉग्नरजवळ राहिला होता, आणि त्या मुक्कामावरून गावाला ‘रेजिस’, म्हणजे राजाचे, असे बिरुद मिळाले. पुढे १९३६ मध्ये मरणशय्येवर असताना कोणीतरी त्याला, आपण लवकरच बॉग्नरला जाण्याइतके बरे व्हाल, असे म्हटले, आणि राजा ‘बगर बॉग्नर’ एवढेच बोलून गेला, असे सांगतात. दुसऱ्या आवृत्तीत हेच शब्द बिरुदाच्या अर्जावर उच्चारलेले आहेत. इतिहास म्हणून हे घेऊ नये. पण ही गोष्ट इंग्रजांनी इतकी वर्षे प्रेमाने सांगितली, यावरून राजाच्या तोंडी हा शब्द त्यांना शोभतो असे वाटते हे निश्चित; त्याच्या जागी दुसरी एखादी जहाल शिवी असती तर गोष्ट टिकलीच नसती.

शब्दाची धार प्रदेशाप्रमाणे बदलते. न्यूझीलंडमध्ये १९९९ मध्ये टोयोटाच्या हायलक्स या वाहनाची एक जाहिरात आली. शेतावर एकामागून एक फजिती होते, प्रत्येक वेळी कोणीतरी ‘बगर’ म्हणतो, आणि शेवटी गाडीच्या हौद्यात उडी घेऊ पाहणारे कुत्रे चुकून चिखलात पडते आणि तेही तोच शब्द उच्चारते. तक्रारी झाल्या, पण जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या तिथल्या मंडळाने त्या फेटाळल्या. ब्रिटनच्या प्रसारण नियामकाने २०१६ मध्ये प्रेक्षकांची मते घेऊन शिव्यांची प्रतवारी केली, तेव्हा हा शब्द सौम्य गटात गेला. अमेरिकेत तो फारसा रुजलाच नाही. तिथे ‘लिट्ल बगर’ म्हणजे खट्याळ पोर किंवा छोटासा प्राणी, आणि पुष्कळांना तो किड्याला म्हणतात त्या ‘बग’पासून आला असे वाटते. ती समजूत चुकीची आहे, पण अमेरिकन लेखकाचा मजकूर हाती असेल तर लेखकाच्या मनात तीच असण्याची शक्यता अनुवादकाने ध्यानात घ्यावी.

आपल्या जवळही तो जिवंत आहे. वांद्रे, माझगाव, भायखळा किंवा पुण्याच्या कॅम्पात वाढलेल्या जुन्या ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन घरांतील इंग्रजीत, आणि गोव्यातील इंग्रजी बोलणाऱ्या घरांतही, ‘दॅट बगर’ म्हणजे केवळ ‘तो माणूस’. पुण्यातल्या एका छापखान्यात मी मुद्रिते तपासायला बसत असे, तेव्हा शेजारच्या टेबलावरील कॅम्पातले वयस्क सहकारी एखाद्या मजकुराची वाट पाहताना दिवसातून दहा वेळा ‘व्हेअर इज दॅट बगर’ म्हणत. तो ‘बगर’ म्हणजे मजकूर घेऊन येणारा मुलगा असे, आणि तो आला की हेच गृहस्थ स्वतःच्या डब्यातला केकचा तुकडा त्याच्या हातावर ठेवीत. कोशाने मला जे सांगितले नव्हते ते त्या केकच्या तुकड्याने सांगितले.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. शब्द झिजला म्हणून मूळ अर्थ सगळीकडे मेला असे समजू नये. ज्या माणसाला त्याच्या समलिंगी असण्यावरून छळले जात आहे, त्याला उद्देशून कोणी हा शब्द वापरला, तर सगळा जुना आरोप एका क्षणात जागा होतो. संदर्भ तसा असेल तर ‘लेकाचा’ लिहून तो दडपणे हा मूळ लेखनावर अन्याय आहे. आणि संदर्भ तसा नसेल तर केवळ कोशातला पहिला अर्थ पाहून मराठीतला समलिंगी व्यक्तींविषयीचा एखादा हिणकस शब्द तिथे घालणे हा अन्याय त्याहून मोठा आहे; लेखकाने ज्यांचा उल्लेखही केला नाही अशा माणसांचा अपमान अनुवादक स्वतःच्या पदरचा घालतो.

आता तुमची दोन्ही वाक्ये. चौकशीच्या प्रसंगातील ‘बगरी’ ही शिवी नाही, १८६१ च्या कायद्यातली संज्ञा आहे, आणि ती उच्चारणारा अधिकारी कागद पाहून वाचतो आहे. तिथे ‘अनैसर्गिक संभोगाचा अपराध’ असे थंड, कचेरीतले शब्द ठेवावेत. आजचा ‘समलैंगिक संबंध’ हा तटस्थ शब्द तिथे नको, कारण त्या काळातील कायद्याची नजर तटस्थ नव्हती आणि वाचकाला ती जाणवली पाहिजे.

सार्जंटच्या वाक्यासाठी मी आधी जे पर्याय बाजूला ठेवीन ते सांगतो. ‘मेला बिचारा’ चालणार नाही: एरवी प्रेमाने म्हटलेला ‘मेला’ समोर प्रेत असताना एकदम शब्दशः होतो आणि वाक्य बातमीसारखे वाचले जाते. ‘सुटला बिचारा’ हे मराठीत फार ओघाने येते, पण त्यात मरण ही सुटका होती असे मत आहे, आणि ज्याची रजा दोन दिवसांवर आली होती त्याच्याबद्दल सार्जंटला नेमके उलटे वाटते. ‘बापडा’ अर्थाने चोख आहे, पण तो शब्द पोथी वाचणाऱ्या माणसाचा आहे, खंदकात वर्षभर काढलेल्या सार्जंटचा नाही. ‘बिचारा लेकाचा’ जवळ येतो. मला तो प्रेतापुढे किंचित हलका वाटतो, पण सार्जंट कादंबरीभर तसाच बोलत आला असेल तर खपून जाईल.

मी स्वतः राकटपणा नामातून काढून उद्गारात ठेवीन. इंग्रजीत शिवी आणि करुणा एकाच नामाच्या मागेपुढे उभ्या आहेत. मराठीत शिवी परिस्थितीला द्यावी आणि करुणा माणसाला. म्हणजे घोंगडी ओढून झाल्यावर सार्जंट क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘च्यायला. बिचारा. दोन दिवसांवर रजा आली होती रे याची.’ ‘च्यायला’नंतर पूर्णविराम ठेवावा, स्वल्पविराम नको, आणि मुद्रितशोधकाने तिथे उद्गारचिन्ह घातले तर ते काढायला लावावे.